रुमालाची घडी

माझ्या नवऱ्याच्या अंगात वारं शिरलं की पहिला फटका शेजाऱ्यांच्या दारांना बसतो. तो पाट्या कोरतो. पितळेवर, दगडावर, दारासाठी, थडग्यासाठी, ज्याला जशी हवी तशी. एरवी एका अक्षरासाठी अख्खी सकाळ घालवणारा माणूस, पण वारं शिरलं की त्याला जगातली सगळी अक्षरं चुकलेली दिसायला लागतात. या खेपेला त्याने आमच्या जिन्यातल्या झाडून सगळ्या पाट्या काढून आणल्या आणि कुणाला न विचारता नव्याने कोरून परत लावल्या. खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर फिरून आले, तर दारावर त्यांच्या नावाखाली एक जास्तीची ओळ : ‘हे हल्ली कुणाशी बोलत नाहीत.’ मी माफी मागायला गेले. मास्तरांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं आणि हळूच विचारलं की हे सगळ्यांच्या लक्षात आलं होतं का. पाटी अजून तशीच आहे.

इथपर्यंत हसण्यावारी नेता आलं. मग एका दुपारी तो छिन्नी-हातोडी घेऊन आमच्या चौथ्या मजल्याच्या खिडकीतून बाहेरच्या सज्ज्यावर उतरला. इमारतीचं नाव बारीक आहे, रस्त्यावरून वाचता येत नाही, एवढंच कारण. सज्जा कसला, जेमतेम पाऊल मावेल अशी पट्टी. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, डोळे तपासते. कुणीतरी सांगत आलं तशी गिऱ्हाईक खुर्चीत सोडून धावले. खाली माणसं जमली होती आणि वरून हा त्यांना दोन अक्षरांमध्ये किती जागा सोडावी ते समजावत होता. त्याला आत घेतलं बंबवाल्यांनी. त्यांच्या बंबावरची अक्षरं कशी भिकार आहेत हे त्यांनाच सांगत तो गाडीत बसला.

दवाखान्यातले लोक याला उन्माद म्हणतात. त्यावर औषध नाही असं नाही. गेल्या खेपेला दिलेल्या औषधाने तो खाली आला, झोपायला लागला, माणसात आला. पण त्याचे हात थरथरायला लागले. चहाचा कप बशीवर ठेवताना वाजायचा. कामाला बसला तर रेघ नागमोडी जायची. एका म्हाताऱ्याच्या थडग्याचा दगड त्याने अर्धा कोरून बाजूला ठेवला आणि मला म्हणाला, "मेलेल्या माणसाचं नाव असं कोरलं तर लोकांना वाटेल, मरताना त्याला थंडी वाजत होती." मी हसले. त्याने दुसऱ्या दिवसापासून गोळ्या कुंडीत पुरायला सुरुवात केली. मला कळलं तेव्हा पाट्या बदलून झाल्या होत्या.

तेव्हा आमचं सगळं घोडं इथे अडलेलं. औषध घेतलं तर हात जातात, नाही घेतलं तर तो खिडकीतून जातो. तिसरी वाट असेल तर मला ती हवी होती, मग ती कुठूनही येवो.

ती आणली, त्याला भरती केलं होतं त्या वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंनी. त्यांचं वय माझ्याइतकंच असेल, केस कायम पेनाने वर खोचलेले, मग ते पेन टेबलभर शोधायचं. त्यांनी सांगितलं की एक दुखण्यावरचं औषध आहे, अफूच्या कुळातलं. काही रुग्णांना ते दिल्यावर उन्मादाचा जोर तासाभरात ओसरल्यासारखा वाटला होता. खरंच ओसरतो का, हे त्या तपासून बघत होत्या. एका पाकिटात औषधाची गोळी, दुसऱ्यात हुबेहूब तशीच दिसणारी पोकळ, औषध नसलेली. कुठली कशात आहे ते त्यांनाही माहीत नाही आणि आम्हालाही नाही. गोळीआधी आणि गोळीनंतर त्या त्याच्याशी बोलणार आणि बोलण्याला किती वेग आहे त्याचे गुण लिहिणार. घरचं माणूस सोबत बसलं तर चालेल. गोळी घरी नेता येणार नाही, कारण तिची चटक लागते आणि जास्त झाली तर श्वास मंदावतो, म्हणून सगळं वॉर्डातच, नर्सच्या डोळ्यांसमोर.

हे सगळं त्यांनी त्यालाही सांगितलं, पुन्हा पुन्हा, सकाळच्या वेळी, तो त्यातल्या त्यात जमिनीवर असताना. त्याने स्वतःच्या शब्दांत परत सांगेपर्यंत त्यांनी सही घेतली नाही. "एक गोळी खरी, एक सोंगाडी, आणि हात मात्र माझेच राहतात," असं त्याने सांगितलं. सहीचं शेपूट कागद सोडून टेबलावर गेलं.

मला भीती होती ती सासूबाईंची. अफू म्हटल्यावर आई कानांवर हात ठेवतील असं वाटलं होतं. झालं उलटंच. त्यांचा चेहरा उजळला. माझे सासरे आजारात रात्रंदिवस कण्हत होते, आणि शेवटी शेवटी त्यांना याच कुळातलं काहीतरी सुरू केलं. त्यानंतर ते कण्हायचे थांबले, खिडकी उघडायला लावायचे, बाहेर ऊन आहे का विचारायचे. आईंना तेवढे दिवस नवरा परत मिळाला होता. "त्यांना शांत केलं, याला नाही करणार?" असं त्या मला जिना उतरेपर्यंत सांगत होत्या. मी म्हटलं, आई, दुखणं वेगळं आणि हे वेगळं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कालची मुलगी, मला काय कळतंय.

पहिल्या दिवशी आम्ही दोघी गेलो. लहान खोली, खिडकीला जाळी, टेबलाचे कोपरे गोल केलेले. हा आमच्यासमोर, डॉक्टरीणबाई बाजूला, आई माझ्या शेजारी भिंतीकडे. गोळीआधी त्याच्या तोंडाचा पट्टा असा सुटला होता की डॉक्टरीणबाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर संपून तो तिसऱ्याच गोष्टीवर असायचा. शहरातल्या सगळ्या रस्त्यांची नावं तो नव्याने कोरणार होता. मग गोळी दिली. तासाभराने त्याने नाक खाजवायला सुरुवात केली. एकदा उमासा आला, नर्सने भांडं धरलं. त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. माझं कामच ते, माझ्या नजरेतून सुटायचं नाही. मी मनात म्हटलं, ही सोंगाडी गोळी नव्हे.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बोलायला सुरुवात केली. हा सुटला. रस्ते, पाट्या, नद्या, नद्यांना पाट्या का नाहीत. आणि अचानक थांबला. त्यांनी झोपेबद्दल विचारलं. "बरी लागली," तो म्हणाला आणि गप्प बसला. त्यांनी मान वर करून बघितलं. पुढचा प्रश्न. दोन वाक्यं वेगात गेली, तिसरं अर्ध्यात थांबलं. मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. आईंचा हात धरावा म्हणून मी वळले आणि माझी नजर त्यांच्या मांडीवर गेली.

मांडीवर रुमाल होता. आई त्याची घडी घालत होत्या. अर्धी, मग पाव, मग वरून हात फिरवायचा, मग पुन्हा उलगडायचा.

या घरात आले तेव्हा मला हे कुणी सांगितलं नव्हतं. तो लहानपणापासून बोलका. पाहुण्यांसमोर सुटला की आई त्याला रागवायच्या नाहीत, चारचौघांत मुलाचा पाणउतारा त्यांना आवडायचा नाही. त्या फक्त रुमाल काढून घडी घालायला लागायच्या. घडी पुरी होईपर्यंत त्याने वाक्य संपवून गप्प बसायचं. लग्न झाल्यावर सुरुवातीला मला वाटायचं, म्हातारीला सारखं रडू येतं, म्हणून ती रुमाल काढते. नंतर लक्षात आलं की तो रुमाल याचा लगाम आहे. आज इतक्या वर्षांनीही माझा दाढीमिशीवाला नवरा त्या रुमालाला थांबतो. आणि आईंना विचाराल तर त्या म्हणतील, कसला रुमाल? त्यांच्या हातांना ते इतकं अंगवळणी पडलंय की त्यांच्या ध्यानातही येत नाही.

आमच्या दुकानात हे रोजचं आहे. लेकराला खुर्चीत बसवून मी अक्षरं दाखवते आणि मागे उभी असलेली आई ओठांनी अक्षर सांगते. मुद्दाम नाही, काळजीने. लेकरू सगळं बरोबर वाचतं आणि चुकीचा चष्मा घेऊन घरी जातं. मी अशा आयांना सरळ बाहेर बसवते. इथे मात्र मी मूग गिळून बसले.

संध्याकाळी वॉर्डातल्या नर्सने सहज सांगितलं की आई गेल्यापासून त्याचं जे सुरू झालंय ते थांबलेलं नाही. मी मान हलवली आणि घरी आले.

मधे थोडे दिवस सोडून दुसऱ्या पाकिटाची पाळी आली. आई निघाल्याच नाहीत. पहिली गोळी लागू पडली म्हणजे ती खरी, म्हणजे आजची खोटी, मग खोट्या गोळीपुढे कशाला बसायचं, असा त्यांचा हिशेब. मी एकटी गेले. त्या दिवशी त्याला खाज नाही, उमासा नाही, बाहुल्या होत्या तशाच. आणि बोलणं तर विचारू नका. डॉक्टरीणबाई त्याच्या मागे धावून दमल्या. पण संपल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता. इतका स्वच्छ फरक आजवर फार थोड्यांत दिसला, असं त्या मला म्हणाल्या. पाकिटांचं गुपित फोडायचा अधिकार त्यांना नव्हता, पण अंदाज करायला कुणाची परवानगी लागते? हे असंच ठरलं तर त्याला हेच औषध चालू ठेवायची परवानगी त्या मोठ्या डॉक्टरांकडे मागणार होत्या. हात थरथरणार नाहीत, असंही म्हणाल्या.

मला पहिल्या दिवसाची आणि आजची खोली डोळ्यांसमोर दिसत होती. गोळीचा फरक होताच, पण दुसरा एक फरक भिंतीकडच्या खुर्चीत होता.

घरी येऊन मी त्या खिडकीपाशी उभी राहिले. मला त्याचे हात हवे होते. देवाशप्पथ हवे होते. तो कोरत असताना घरात जी शांतता असते, ती ज्याने ऐकली नाही त्याला नाही कळायचं. मी गप्प राहिले असते तर सगळे खूश असते. तो खूश, आई खूश, डॉक्टरीणबाई खूश. आणि मग एखाद्या दुपारी आई देवळात नाहीतर बाजारात गेलेल्या असताना तो हातोडी घेऊन पुन्हा इथे पाय टाकणार, पोटात ते औषध असताना. मी खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी दुकानात न जाता मी डॉक्टरीणबाईंना गाठलं.

"आई रुमालाची घडी घालतात," मी म्हटलं.

त्यांना अर्थातच काही कळलं नाही. मी पहिल्यापासून सांगितलं. त्या ऐकत गेल्या आणि त्यांचा चेहरा पडत गेला.

"मुद्दाम करतात?"

"नाही. त्यांना माहीतही नाही."

"आणि तुमच्या मिस्टरांना स्वतःला? त्यांना कळतं, आपण का थांबतो ते?"

इतक्या वर्षांत मी त्याला कधी विचारलंच नव्हतं.

त्या चिडतील असं वाटलं होतं. त्या नुसत्याच पेन शोधत राहिल्या, ते डोक्यात होतं. मग म्हणाल्या की जे झालं ते जसंच्या तसं लिहावं लागेल आणि मोठ्या डॉक्टरांना विचारून पहिल्या पाकिटाची गोळी पुन्हा एकदा द्यावी लागेल, आईंना बाहेर ठेवून. मी निघाले तेव्हा त्यांनी आभार मानले. ते आभार मला नको होते.

आईंना मी एवढंच सांगितलं की या वेळी आत एकच माणूस चालेल. त्या घुश्शात आल्या. मी काय त्याला खाऊन टाकते का, म्हणाल्या. तरी आल्या आणि दाराबाहेरच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसल्या.

खोली तीच. तो आत आला तो आधी भिंतीकडे बघत. आई कुठे म्हणून विचारलं. बाहेर आहेत, मी म्हटलं. गोळी दिली. तासाभराने नाक खाजायला लागलं, बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या. औषध रक्तात पोचलं होतं यात मला शंका नव्हती. डॉक्टरीणबाईंनी बोलायला सुरुवात केली आणि हा सुटला.

रस्ते, नद्या, तारे, ताऱ्यांची नावं कुणी कोरली. आवाज किंचित जड झाला होता, पापण्या खाली येत होत्या, पण जीभ आपली चाललेलीच. एखादा झोपेत चालतो तसा तो झोपेत बोलत होता. मधूनच त्याची नजर रिकाम्या खुर्चीवर जायची आणि तिथून घसरायची. मग ती माझ्यावर आली. तो मला चष्मा म्हणतो, लग्न ठरल्या दिवसापासून.

"चष्मा, तुझ्याकडे तो पिवळा फडका असतो ना? काचा पुसायचा?"

"आहे."

"मग काढ ना."

मी दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसले.

तो पुन्हा बोलायला लागला. मला वाटलं, विसरला. काचा, आरसे, आरशातली उलटी अक्षरं, उलटी कोरली तर सरळ दिसतात, हे कुणाच्या लक्षात कसं येत नाही. बोलता बोलता त्याने स्वतःच्या सदऱ्याचं टोक हातात घेतलं आणि त्याची घडी घालू लागला. अर्धी, पाव, त्याहून लहान, मग कापड दुमडेना, तरी बोटं दाबतच होती. बोलणं थांबलं नाही. बोटं मात्र अगदी स्थिर होती.

"घाल ना घडी," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. "मी थांबायला तयार आहे गं. कधीपासून तयार आहे. पण कुठे थांबायचं ते मला दिसत नाही. आई दाखवते, तेव्हा दिसतं. तू दाखव ना."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. पहिल्यापासून ठाऊक होतं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. माझे हात माझ्या खाली बधिर झाले होते आणि मी खिडकीच्या जाळीची भोकं बघत बसले. यापेक्षा मला सज्ज्यावर उतरायला सांगितलं असतं तर मी उतरले असते.

शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुरे."

त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. थोडा फरक आहे, नाही असं नाही, पण त्याला खिडकीपासून लांब ठेवील इतका नाही. इतर कुणाला गुण येईलही, ते अजून ठरायचंय. याला मात्र जुन्या औषधावरच जावं लागणार, मात्रा कमी करून, थरथरीसाठी वेगळं काही देऊन बघू. त्याने ते ऐकलं. दोन्ही हात टेबलावर पसरून ठेवले आणि मला म्हणाला, "बघून घे, चष्मा. एक बोट हलत नाही."

मी बघून घेतलं. मग पर्समधून पिवळा फडका काढला, त्याच्यासमोर टेबलावर पसरला आणि घडी घातली. अर्धी. पाव. वरून हात फिरवला. तो माझ्या हातांकडे बघत होता. घडी पुरी झाली तसा त्याने वाक्य संपवलं आणि गप्प बसला. खोलीत पहिल्यांदाच नर्सच्या पायांचा आवाज ऐकू आला. मी फडका तिथेच ठेवला आणि बाहेर आले.

आई उठून उभ्या राहिल्या होत्या. चेहरा फुललेला.

"थांबला ना? मला इथे ऐकू आलं. मी म्हटलं नव्हतं तुला, हे औषध त्याला शांत करील म्हणून?"

मी त्यांना बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. गोळीचं, पहिल्या दिवसाचं, रुमालाचं. सांगून झाल्यावर त्या स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या, दुसऱ्याच कुणाचे असावेत असे.

"मग औषध कशाला हवं त्याला?" त्या म्हणाल्या. "मी बसते त्याच्यासमोर."

"किती वेळ बसाल, आई?"

आत त्याचा आवाज पुन्हा सुरू झाला होता, आधी हळू, मग चढत चढत. आईंनी पर्स उघडून रुमाल काढला, मांडीवर पसरला आणि बंद दाराकडे तोंड करून घडी घालायला लागल्या. अर्धी, मग पाव. आवाज चालूच राहिला. त्यांनी रुमाल उलगडला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.